घरात कुणाला औषध चालू आहे?

पेशंटचं नाव?

आरोही दीपक खालकर. हे उत्तर दीपकला द्यावंच लागलं नाही. तो पोहोचला तोवर केसपेपरवर नाव चढलं होतं, वय चढलं होतं, पाच वर्षं चार महिने, आणि वजनही: साडेपंधरा किलो, मागच्या महिन्यात शाळेत केलेलं. स्नेहलने एकटीने पोरीला रिक्षात घालून नाशिक रोडच्या त्या दवाखान्यात आणलं होतं. येताना आधार कार्ड, पाण्याची बाटली, स्वेटर, लसीकरणाचं पुस्तक, काही म्हणता काही विसरली नव्हती. अंबडच्या कंपनीतून मित्राची गाडी दामटत आलेल्या दीपकने आत शिरताच आधी बायकोच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला एकाच जोडाच्या होत्या. सात वर्षांच्या संसारात त्याला ही सवय लागली होती. ती बिघडली की आधी चपला चुकत, म्हणून आधी पाय बघायचे, मग तोंड. पाय ठीक होते. मग त्याने पोरीकडे पाहिलं.

पोरीची मान डाव्या खांद्यावर मुरगळून पडली होती आणि सरळ करायला गेलं की लाकडासारखी अडत होती. डोळे वर लागलेले, छतावरच्या पंख्याच्याही पलीकडे. जबडा आवळलेला, फटीतून जिभेचं टोक बाहेर. आणि एवढं असून पोरगी पूर्ण शुद्धीवर. बापाला पाहून ती काहीतरी म्हणाली. शब्दाचा नुसता फुगा आला.

कधीपासून असं होतंय?

नऊपासून, स्नेहल म्हणाली. वेणी घालायला घेतली तर मान हातात राहीना. आधी वाटलं नखरे करतेय, म्हणून रागावलेसुद्धा मी, मग आरशात तिचे डोळे दिसले.

डॉक्टर अगदी तरुण होती, शिकाऊच असावी. ती सगळं स्नेहललाच विचारत होती आणि स्नेहल एकामागून एक, नीट लावून सांगत होती. ताप नाही. पडली नाही. उलटी नाही. कुत्रा चावलेला नाही. दीपक बाजूला उभा राहून ऐकत होता आणि पोरगी अशी समोर पडलेली असताना त्याला बायकोचा अभिमान वाटत होता.

'कधीपासून' हा प्रश्न त्याच्या घरात आजवर फक्त स्नेहलबद्दल विचारला गेला होता. त्याचं उत्तर दीपकला पाठ होतं. बाळंतपणानंतर सतराव्या दिवसापासून. पिंपळगाव बसवंतला, तिच्या माहेरी. खोलीत शेगडी, अंगाला धुरीचा वास, मांडीवर बाळ, आणि स्नेहलने डिंकाचा लाडू हुंगून बाजूला ठेवला. म्हणाली, सासूबाईंनी यात काहीतरी घातलंय. लाडू सायखेड्याहून दीपकच्या आईने, गोजराबाईंनी, पाठवले होते. त्यात खोबरं, खारीक, डिंक आणि वाजवीपेक्षा जास्त तूप, याखेरीज काही नव्हतं. मग संशय दुधावर गेला. मग पाण्यावर. मग बाळाला चोळायच्या तेलावर. ती बाळाला छातीशी धरून तीन-तीन दिवस जागी राही. त्या दिवसांत तिने दीपकचा हात धरून बाळाच्या टाळूवर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली: आपल्या घरात माझ्या अन्नात कुणी काही घालत नाही, घालणार नाही. दीपकने शपथ घेतली. त्या दिवशी ती खरी होती.

कॉलेज रोडच्या मानसोपचार डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नाव लांब होतं, गोळ्या लहान होत्या. गोळ्या घेतल्या की स्नेहलचा संशय जाई आणि झोप येई; अशी झोप की कानाशी ताट पडलं तरी हलायची नाही. अशाच एका दुपारी साडेतीन वर्षांची आरोही कडी काढून तीन जिने उतरून जेल रोडवर गेली. एका भाजीवालीने तिला टोपलीपाशी बसवून ठेवलं म्हणून सापडली. संध्याकाळी स्नेहलने गोळ्यांची पाकिटं कचऱ्याच्या गाडीत टाकली. म्हणाली, या घेतल्या की मी शहाणी असते, पण आई नसते.

गोळ्या सुटल्या. वर्षभर सगळं बरं चाललं. मग हळूहळू बिनसत गेलं. गेल्या वर्षी गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आरोहीला घेऊन नाशिक रोड स्टेशनच्या फलाटावर नऊ तास बसून होती, कारण घरातल्या भिंती पोरीचं नाव घ्यायला लागल्या होत्या. रेल्वे पोलिसांनी दीपकला फोन केला. दीपकचा थोरला भाऊ खंडेराव सायखेड्याहून आला, जिन्यातच उभा राहिला, आणि म्हणाला की आणखी एकदा असं झालं की पोरगी आमच्याकडे येईल. तुझी वहिनी सांभाळेल. मग कोर्टात जायचं तर जा. गोजराबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी नातीचे कपडे पिशवीत भरून दाराशी ठेवले आणि जाताना पिशवी तिथेच राहू दिली.

आणखी एकदा व्हायला नको. तेवढंच दीपकला कळत होतं. बाकीचं सगळं त्यातून झालं.

सकाळपासून काय काय खाल्लं?

"चहा-पोळी," स्नेहल म्हणाली.

दीपक म्हणाला, आरोही तर दूध पिते.

"कुठे पिते? दिवाळीच्या आधीच सोडलं तिने. तुम्ही साडेसहाला जाता, तुम्हाला काय माहीत." मग ती डॉक्टरकडे वळली आणि किंचित हसली. "हे रोज माझ्यासाठी चहा करून, झाकून जातात. मी उठून गरम करते, रात्रीची पोळी त्यात कुस्करते आणि आम्ही दोघी एकाच वाडग्यात खातो. दोन-चार घास तिला, बाकी मला. आज तिला सर्दी होती. म्हटलं, गरम गरम सगळं तूच खा. मी घेतलंच नाही."

दोन-चार घास.

दिवाळीच्या आधीपासून.

आज सगळं.

घरात कुणाला औषध चालू आहे?

"मला होतं," स्नेहल म्हणाली. "मानसिक. बंद करून पावणेदोन वर्षं झाली. आता त्याच्याशिवायच बरी आहे मी." शेवटचं वाक्य तिने जरा मोठ्याने म्हटलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू जावं इतकं.

दीपकने पोरीचा स्वेटर उचलून पुन्हा घडी घातली.

स्टेशनच्या त्या प्रकारानंतर तो एकटाच कॉलेज रोडला गेला होता. पेशंट यायला तयार नाही, गोळी घ्यायला तयार नाही, काय करू. डॉक्टरांनी थेंबांची बाटली लिहून दिली. वास नाही, चव नाही, रंग नाही. चहात घाला, आमटीत घाला, बरेच जण घालतात. दुसऱ्या कुणाच्या पोटात जाणार नाही तेवढं बघा. बाहेर चाळीस माणसं बसली होती. दीपक उठला.

तो कंपनीत क्वालिटीला होता. आलेला प्रत्येक नग गेजमधून, म्हणजे मापाच्या साच्यातून, काढायचा, केसाइतका फरक असला तरी बाजूला टाकायचा, हे त्याचं काम. घरी येऊन त्याने तसाच विचार केला. आमटी सगळ्यांची. पाणी सगळ्यांचं. दूध आरोहीचं. चहा मात्र एकट्या स्नेहलचा, कारण त्याला स्वतःला पित्ताचा त्रास, तो चहाला शिवत नसे. कप ठरवला, जाड निळ्या कडेचा. तो वेगळा घासायचा, दोनदा. पाच थेंब. पाचाचे सहा कधी झाले नाहीत. मागच्या आठवड्यात तिची झोप कमी वाटली, तेव्हा डॉक्टरांना फोनवर विचारून आठ केले.

सुरुवातीला ती नऊपर्यंत उठतच नसे. तेव्हा तो तिला भिंतीला टेकवून बसवी, घोट घोट चहा पाजी, रिकामा कप धुऊन मगच कामाला निघे. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःहून केस धुतले. दसऱ्यानंतर सातला आपली आपण उठायला लागली. शाळेच्या पालक सभेला गेली आणि बाईंशी भांडून पोरीला पुढच्या बाकावर जागा मिळवून आली. आणि एके दिवशी म्हणाली, मला उठवत बसू नका, झाकून ठेवा, मी घेईन माझी.

दीपकने झाकून ठेवला. त्या दिवशी तो कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून कितीतरी वेळ नुसताच हसत होता.

ती बरी झाली नसती तर तिने चहा एकटीनेच प्यायला असता. पोरीला जवळ घ्यावं, आपल्या वाडग्यातलं भरवावं, हे तिला सुचलं ते त्या थेंबांनी. आणि तोच घास. शाळेच्या डायरीत बाईंनी दोनदा लिहिलं होतं, आरोही वर्गात झोपते, रात्री लवकर झोपवावे. स्नेहल तेव्हापासून आठलाच दिवा घालवायची.

घरात कुणाला औषध चालू आहे?

या वेळी डॉक्टरने दीपककडे बघून विचारलं.

त्याने मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर समजावत होती. हे झटक्यासारखं दिसतंय पण झटका वाटत नाही. मेंदूला संसर्ग असू शकतो, मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावं लागेल, डोक्याचा स्कॅन करावा लागेल. किंवा एखादं औषध पोटात गेलं असेल. मानसिक आजाराच्या काही औषधांनी लहान मुलांना नेमकं असं होतं, आणि ते असेल तर एका इंजेक्शनचं काम आहे. नीट आठवून सांगा. जुनी गोळी कुठे पडली असेल? गादीखाली, कपाटामागे?

एकही नाही, स्नेहल म्हणाली. मी स्वतः टाकल्यात.

पण 'मानसिक' हा शब्द तोवर नर्सच्या कानावर गेला होता. ती खाटेशी आली आणि स्नेहलच्या मांडीवरून पोरीला अलगद उचलू लागली. ताई, तुम्ही जरा बाहेर बसा. गोड आवाजात, जसं कुणाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसं. स्नेहलने वाद घातला नाही. तिने पोरीचा फ्रॉक गुडघ्याखाली ओढला आणि बाहेर गेली.

पडदा ओढल्यावर दीपकने सांगितलं. चार वाक्यं लागली. डॉक्टर त्याच्याकडे रागाने बघेल असं त्याला वाटलं होतं; तिने रागवायलाही वेळ घेतला नाही, बाटलीवरचं नाव विचारलं आणि नर्सला हाक मारली. इंजेक्शन दिल्यावर मग म्हणाली, मला हे जसंच्या तसं लिहावं लागेल. पोलीस चौकीलाही कळवावं लागतं, नियम आहे. लिहिता लिहिता थांबून तिने विचारलं, त्यांना माहीत आहे?

नाही.

"मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही सांगा. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही."

वीस मिनिटांत पोरीची मान सैल पडली. डोळे खाली आले. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आई कुठेय, असं स्पष्ट विचारलं.

पोरीला गोळी कुणी दिली?

हा खंडेरावचा प्रश्न. तो आणि गोजराबाई दुपारी बाराच्या सुमारास आले; फोनवर त्यांना पोरीच्या पोटात औषध गेलं एवढंच कळलं होतं. गोजराबाईंच्या हातात पिशवी होती. खंडेराव व्हरांड्यातच सुरू झाला, बाकावर स्नेहल बसलीय याची पर्वा न करता. दीपक म्हणाला, गोळी नव्हती. मग म्हणाला, नंतर बोलू दादा. खंडेराव म्हणाला, तू तिकडे गेज घेऊन लोकांचे नट-बोल्ट मोजतो आणि घरात काय पडलंय ते तुला दिसत नाही? चष्मा देऊ का माझा? येणारे-जाणारे बघायला लागले.

गोजराबाई स्नेहलच्या शेजारी टेकल्या. त्यांना बोलायचं नव्हतं, पण बोलल्या. "तुजा दोष नाय बाई. दुखणंच तसं हाय. पन लेकरू तुज्याजवळ कसं ठेवावं, तूच सांग मला."

  भाऊ होता, आई होती, बायको होती, तिघं एका बाकाच्या आसपास होती, एका वाक्याचं काम होतं. त्याने खंडेरावला विचारलं, जेवून आलात का?

मीच दिलं का?

चारच्या सुमारास. आरोही झोपली होती, खंडेराव आईला घेऊन खाली चौकशीच्या खिडकीवर गेला होता. स्नेहल पाण्याच्या कूलरजवळ उभी होती. ती दीपककडे न बघता बोलायला लागली.

"मला आठवत नाही. पण मला आठवत नाही असं पुष्कळ आहे. स्टेशनवर मी तिला काय खायला घातलं तेही मला आठवत नाही. एखादी गोळी राहिली असेल. पिठाच्या डब्यात, कुठे तरी. मला वाटायचं मी बरी आहे, पण तेव्हाही मला तसंच वाटायचं." मग ती वळली. "अहो, मीच दिलं का? तसं असेल तर आईंना म्हणावं, न्या तिला. मी अडवणार नाही."

गप्प राहिलं की भागत होतं.

दीपकला ते अगदी स्वच्छ दिसलं. नुसतं गप्प राहायचं. पोरगी सायखेड्याला, वहिनीच्या हाती, नदीकाठी, सुखरूप. स्नेहल जेल रोडला, निळ्या कडेच्या कपासह, शहाणी. दर रविवारी भेट. कुणाला काही होणार नाही. फक्त स्नेहल जन्मभर समजत राहील की आपण आपल्या पोरीला विष घातलं.

त्याने वाक्यं जुळवून पाहिली.

डॉक्टरांनीच सांगितलं होतं की

तू घेत नव्हतीस म्हणून मग मी

तुला बरं वाटावं एवढ्यासाठीच, बाकी कशासाठी

"चहात होतं," तो म्हणाला. "मी घालत होतो."

 कूलरखालच्या थाळीत पाणी ठिबकत होतं.

"किती?"

"पाच थेंब. आठवड्यापासून आठ."

"रोज?"

"रोज."

"स्टेशननंतर?"

"हो."

ती आपले हात बघत राहिली, पालथे, मग उताणे. दीपकला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात एकेक गोष्ट विचारू लागली. पालक सभेला गेले तेव्हा? हो. दिवाळीचं सगळं एकटीने केलं तेव्हा? हो. शेजारच्या काकू म्हणाल्या, चेहऱ्यावर तेज आलंय गं तुझ्या, तेव्हा? हो, तेव्हाही.

"म्हणजे मी बरी झालेच नव्हते."

"झाली होतीस. औषधानेच बरं होतं माणूस, स्नेहल. मला नाही का पित्ताची गोळी लागत?"

"ती तुम्ही स्वतःच्या हाताने घेता."

दीपकने कूलरचा ठिबकणारा नळ घट्ट आवळला. 

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "तिच्या टाळूवर हात ठेवून."

ती आत गेली. गोजराबाई परत आल्या होत्या, पोरीच्या उशाशी पिशवी ठेवून बसल्या होत्या. स्नेहलने पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, आरोही माझ्याबरोबर राहील. का, ते तुमच्या मुलाला विचारा. खंडेरावने विचारलं. दीपकने दुसऱ्यांदा सांगितलं, या वेळी ते सोपं गेलं. खंडेरावने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा न लावता खिशात ठेवला. गोजराबाई मात्र पुटपुटल्या. "अन् माज्या लाडवांवर आळ आला होता."

चौकीतून हवालदार आला, जबाब लिहून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला घरी सोडलं. डॉक्टरने स्नेहलला बाजूला घेऊन चिठ्ठी दिली. मोठ्या डॉक्टरांना दाखवा, उघडपणे, तुमच्या मर्जीने, आता झोप कमी येणारी औषधं मिळतात, मूल सांभाळता येतं. ती खरंच मनापासून सांगत होती. स्नेहलने चिठ्ठी घेतली, धन्यवाद म्हणाली. पिंपळगावहून तिचा भाऊ सोमनाथ कांद्याच्या पिकअपसह फाटकाशी येऊन थांबला होता. निघताना दीपकने पोरीसाठी पाण्याची बाटली पुढे केली. स्नेहलने ती घेतली, झाकण उघडलं, सगळं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि आत जाऊन कूलरवर पुन्हा भरून आणली.

गाडीत जागा आहे का?

हे दीपकने विचारलं. सोमनाथ स्टिअरिंगकडे बघत राहिला.

"नाही," स्नेहल म्हणाली.

मग आता काय करायचं?

कॉलेज रोडचे डॉक्टर म्हणाले, त्यांना घेऊन या. तिच्या मर्जीविरुद्ध आणायचं तर वेगळे कागद, वेगळी पद्धत, आणि ती स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात आहे असं दिसायला हवं. तसं दिसतंय का? दीपक म्हणाला, नाही, आत्ता तर एकदम छान आहे.

ते खरं होतं. तो दर रविवारी पिंपळगावला जाई. स्नेहल ओट्याच्या जाळीआडून बोले, शांत, परक्या माणसाशी बोलावं तशी. आरोही जाळीतून बोट बाहेर काढून त्याला चित्रं दाखवी. पोरगी आता टक्क जागी होती, हुंदडत होती, चार महिन्यांची झोप अंगावरून उतरली होती. गल्लीतल्या बायका म्हणत, पोरीला काहीसुद्धा झालेलं नाही, नवराच बाटलीतलं पाजत होता. सोमनाथही तसंच म्हणे. कुणाला खोटं पाडणार? त्याने स्नेहलला चिठ्ठीची आठवण केली. ती म्हणाली, मला काय झालंय?

दीपकला ठाऊक होतं की ते औषध अंगातून लगेच उतरत नाही. पहिला आठवडा. दुसरा. तिसऱ्या रविवारी त्याने आधी पाय पाहिले. चपला एकाच जोडाच्या होत्या, पण उलट्या घातलेल्या. डावी उजवीत, उजवी डावीत. त्याने सोमनाथला बाजूला घेऊन सांगितलं. सोमनाथ म्हणाला, तुम्ही आमच्या बहिणीच्या चपला बघायला येता का?

तुम्ही कशात घालत होता?

पाचव्या आठवड्यात स्नेहलच्या आईचा, अंबूबाईंचा, फोन आला. भर दुपारी. दीपक कंपनीच्या कँटीनमध्ये ताट घेऊन नुकताच बसला होता. अंबूबाई घराच्या मागून बोलत असाव्यात, आवाज दाबलेला, मागे कोंबड्या.

चार दिवस झाले, झोपत नाही, त्या सांगू लागल्या. खिडक्यांना चादरी बांधल्या आहेत. पोरीला इथल्या शाळेत घातलेलं, तिकडे जाऊ देत नाही, अंगणात जाऊ देत नाही. सोमनाथने काल दार जरा जोरात वाजवलं तर आतून पोरीचं तोंड दाबल्यासारखा आवाज आला. आता तो पण भ्यालाय. सरकारी दवाखान्यात विचारून आला, ते म्हणतात पेशंट आणा. कशी आणायची? ओढत? पोरीसमोर?

मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "दीपकराव, झालं गेलं ऱ्हाऊ द्या. तुम्ही कशात घालत होता तेवढं सांगा. बाटली सोमनाथच्या हाती पाठवा. मी घालते."

दीपक म्हणाला, नको. तिला विचारा. मी येतो, डॉक्टरांना घेऊन येतो, आपण समजावू. अंबूबाई म्हणाल्या, लय विचारलं बाबा. तुमचं नाव काढलं तरी कडी लावते.

फोनमधून लांबून आरोहीचा आवाज आला. ती काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा, तेच. मग दुसऱ्या आवाजाने तिला गप्प केलं.

दीपकच्या तोंडून शब्द निघाले तेव्हा ते त्याला दुसऱ्याच कुणाचे वाटले. "आमटीत घाला," तो म्हणाला. "पाच. पण आरोहीचं ताट आधी वाढा. तिचं वेगळं काढा, ती जेवून उठू द्या, मग घाला. ऐकताय ना? आधी पोरीचं वेगळं."



"वेगळं कसं काढू?" अंबूबाई म्हणाल्या. "मला चुलीजवळ येऊ देते व्हय? सोता रांधती. एका ताटात जेवत्यात दोघी, पाणी बी एकाच तांब्यातलं. पयला घास पोरीला, मग आपण. मी म्हनलं, असं का गं करती? तर हसली. म्हनली, आता घाला म्हणावं काय घालायचं ते."